शोरूमपासून घरापर्यंत

मी रायपूरहून बोलतोय.

लष्करातला निवृत्त अधिकारी बोलणार म्हटलं की लोकांना सियाचीन हवं असतं. मला फोन आला तेव्हाही तीच अपेक्षा होती. मी त्यांना म्हटलं, अहो, मी आर्मी सर्व्हिस कोरचा माणूस. रेशन, रॉकेल आणि दारूगोळा पोहोचवणाऱ्या गाड्या हे माझं आयुष्य. माझ्याजवळ गोष्टी आहेत त्या ब्रेकच्या, टायरच्या आणि दिव्यांच्या. ते म्हणाले, मग त्याच सांगा. तर आज गाडीवर बोलतो. गाडीला कायद्याने काय असलंच पाहिजे आणि काय असता कामा नये, यावर. आणि हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाने स्वतःच्या गाडीचं काय केलं, यावर.

थोडं घरचं. आमचं कुटुंब रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी माणूस आहे, त्यातलेच आम्ही. घरात मराठी, दारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. निवृत्तीनंतर मी इथेच परत आलो आणि 2019 च्या धनत्रयोदशीला नवी गाडी घेतली. पांढरी, उंच, एसयूव्ही म्हणतात तशी.

ते वर्ष लक्षात ठेवा. 1 जुलै 2019 पासून देशात तयार होणाऱ्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग, चालक आणि शेजारच्याने पट्टा लावला नाही तर वाजणारी घंटी, ताशी 80 किलोमीटरच्या वर इशारा देणारी आणि 120 नंतर थांबतच नाही अशी पिपाणी, आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले. ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, म्हणजे एबीएस, त्याच वर्षी एप्रिलपासून आली होती. आणि 1 सप्टेंबरपासून मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्त्या लागू झाल्या. म्हणजे मला मिळालेली गाडी कायद्याच्या दृष्टीने तोवरची सगळ्यात शहाणी गाडी होती.

तिचा शहाणपणा टिकला साधारण पाऊण तास. शोरूममधून निघालो, पेढे घेतले, आणि घरी न येता सरळ ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. तुमच्यापैकी बहुतेकांनी हेच केलं असेल. ही आपली रीतच आहे. लग्न झालेल्या मुलीला देवदर्शनाला न्यावं तशी आपण नवी गाडी त्या दुकानात नेतो.

दुकानदार मोठा गोड माणूस. ‘कर्नल साहब, ऐसी गाडी और आगे से नंगी?’ असं म्हणाला आणि पुढे चकचकीत स्टीलचा बंपर गार्ड बसला. मग काचांना फिल्म. रायपूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे तो मला या एका गोष्टीची माफी देईल. ‘सेव्हन्टी परसेंट वाली है, अलाउड है’, असं तो म्हणाला. मग हेडलाइटमध्ये पांढरेशुभ्र एलईडी. मग सीट कव्हर, बदामी रंगाचं, जाड, शिवणीचं. ते माझ्या पत्नीने पसंत केलं. शेवटी एक वस्तू त्याने फुकट दिली. पट्ट्याच्या टोकाला असते तशी नुसती लोखंडी जीभ. ती खोबणीत खुपसली की पट्टा न लावताही घंटी बंद. ‘शहर में टुनटुन कौन सुनेगा, साहब.’

नंबर प्लेटच्या वर आर्मी लिहिलेली लाल पट्टी मी आपण होऊन लावून घेतली. ती त्याने सुचवली नव्हती. नंबर प्लेटवर नोंदणी क्रमांकाशिवाय काही लिहायचं नसतं, हे मला नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना पाठ होतं.

बिल 31 हजार झालं. तीन तासांत मी कारखान्याने लावलेलं बरंच काही निकामी केलं आणि कायद्याने मना केलेलं बरंच काही लावलं. फौजेत माझ्या ताब्यातल्या गाडीवर कुणी ड्रायव्हरने विचारल्याशिवाय एक स्क्रू जरी फिरवला असता, तर त्याला मी उभा केला असता. आमच्याकडे गाडी निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. तेल, पाणी, टायर, दिवे, सगळं हात लावून बघायचं. नुसत्या नजरेने बघितलेलं मोजत नसत. स्वतःच्या गाडीची फर्स्ट परेड मी त्या दुकानदाराकडून करून घेतली.

आता एकेक बघू. गार्डपासून.

हा गार्ड बसतो थेट चॅसीवर. गाडीचा पुढचा भाग कारखान्याने मुद्दाम मऊ केलेला असतो. धडक बसली की तो भाग चुरगळावा आणि चुरगळता चुरगळता धक्का खाऊन टाकावा, ही त्यामागची कल्पना. आपल्याला वाटतं पत्रा दबला म्हणजे गाडी कच्ची. उलट आहे. पत्रा दबला नाही तर दबतो तो आतला माणूस. शिवाय एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारे सेन्सर त्या मऊ भागाच्या हिशेबाने जुळवलेले असतात. पुढे लोखंडी नळ्या बसवल्या की तो हिशेब बिघडतो. आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याच्या मांडीवर, लहान मूल असेल तर डोक्यावर, प्लास्टिकच्या बंपरऐवजी नळी बसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 7 डिसेंबर 2017 ला राज्यांना पत्र पाठवून सांगितलं की असे गार्ड म्हणजे कायद्याच्या कलम 52 चं उल्लंघन आहे, कारवाई करा. कलम 52 सांगतं की नोंदणीच्या वेळी जे तपशील होते त्यांत मनाने बदल करायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीत आलेलं कलम 182 अ तर मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही सांगतं. माझ्या गाडीवर तसे फेरफार तीन तरी निघाले असते. सुरक्षेसाठी महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेले सुटे भाग नियमात न बसणारे विकले, तर विकणाऱ्यालाही शिक्षा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा भागामागे एक लाख. पण चौकात शिटी वाजते ती गाडीवाल्यासाठी. दुकानाच्या दारात उभी राहिलेली शिटी मी तरी पाहिलेली नाही, आणि याचा मला राग आहे.

फिल्मचं थोडं गुंतागुंतीचं आहे. नियम 100 म्हणतो, पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 ला, अविषेक गोयनका यांच्या याचिकेवर, सांगितलं की हा टक्का काचेचा आहे, वरून कुठल्याही टक्क्याची फिल्म चिकटवायची नाही. पुढे नियम बदलला, आणि 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्या बदलाच्या आधारे ठरलेल्या टक्क्यांत बसणाऱ्या फिल्मला हरकत नाही असं म्हटलं. त्यामुळे दुकानदार आता तोच निकाल सांगतात. पण साधा गुणाकार करा. काच मुळात 75 टक्के प्रकाश सोडते, फिल्म 70 टक्के. दोन्ही मिळून 70 होत नाहीत, साडेबावन्न होतात. म्हणजे जवळजवळ निम्मा प्रकाश बाहेरच राहिला. दुपारी गोड वाटतं. संध्याकाळी साडेसहाला डाव्या बाजूने येणारी सायकल दिसत नाही.

दिव्यांचं मी जास्त मनावर घेतो, कारण दिवे हा माझा धंदा होता. हॅलोजन दिव्याच्या मागची वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, त्या तारेच्या जागेसाठी घडवलेली असते. तिथे दुसऱ्या आकाराचा एलईडी खोचला की उजेड वाढतो, पण विखुरतो. आपल्याला वाटतं रस्ता उजळला. समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि तो चाचपडत आपल्याच अंगावर येतो. नियम 106 ने याचं मोजमाप दिलं आहे: दिव्यापासून 8 मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला तो झोत दिपवता कामा नये. हे घरी करून बघता येतं. रात्री बिल्डिंगच्या आवारात गाडी उभी करा, डिपर लावा, साधारण दोन गाड्यांच्या लांबीइतकं पुढे जाऊन थोडं वाका आणि आपल्याच गाडीकडे बघा. मी केलं. डोळ्यांपुढे पाच मिनिटं हिरवे डाग होते. पण हे केलं ते अपघातानंतर.

तर अपघात.

जानेवारी 2021, संक्रांतीनंतरचा आठवडा. धमतरीला नात्यात हळदीकुंकू होतं. परत येताना गाडीत तिघं. मी चालवत होतो. शेजारी माझे थोरले बंधू अप्पा, कारण त्यांचे गुडघे मागे मावत नाहीत. मागे डावीकडे माझी पत्नी, शेजारी वाणाच्या पिशव्या. अप्पा आयुष्यभर शाळामास्तर. गाडीत बसले की सांगण्याआधी पट्टा लावतात. मी महामार्गावर लावायचोच. पत्नीने मागे बसल्यावर पट्टा ओढला, खोबण शोधली, सापडली नाही, आणि म्हणाली, ‘अहो, याचं ते कुठे गेलं?’ मी म्हणालो, ‘असू दे गं, मागे कोण लावतं.’

माझं हे वाक्य मी आता बरेचदा ऐकतो. रात्री जास्त.

छत्तीसगडात जानेवारी म्हणजे धान खरेदीचा हंगाम. रस्त्यावर सोसायटीकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. कुरूद मागे टाकलं, अभनपूर यायचं होतं, अंधार पडलेला. समोरून ट्रक आला. त्याच्या दिव्यांनी माझे डोळे दिपले, माझ्या दिव्यांनी बहुधा त्याचे. तो गेला आणि समोर ट्रॉली. उभी. धानाच्या पोत्यांनी भरलेली, मातीच्या रंगाची, मागे एकही दिवा नाही, एकही रिफ्लेक्टर नाही. बंद पडली होती. मागे चार दगड आणि पळसाची एक फांदी ठेवलेली.

मी 60 वर होतो. 60 वर गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंत तो सेकंद गेला. एबीएसने आपलं काम केलं, चाकं घसरली नाहीत, वेग निम्म्याच्या आसपास आला असावा, आणि आम्ही जाऊन बसलो. गार्ड ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आदळला. एअरबॅग उघडली नाही. गार्डमुळेच उघडली नाही असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या वेगाला ती उघडायलाच हवी होती की नाही, हेही नाही. अप्पांच्या आणि माझ्या छातीवर पट्ट्याचा निळा वळ उठला, महिन्याभरात गेला.

मागे पत्नी.

गाडी थांबते तेव्हा पट्टा नसलेला माणूस थांबत नाही. तो गाडीच्याच वेगाने पुढे जातो, समोर काही आडवं येईपर्यंत. ताशी 40 चा वेग म्हणजे सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडल्यावर जमिनीवर पोहोचतानाचा वेग. 60 चा हिशेब चौदा मीटरचा निघतो, म्हणजे चौथा-पाचवा मजला. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्यावर आपण घरच्या बाईला बसू देणार नाही. मागच्या सीटवर बसवतो. तिचं तोंड अप्पांच्या सीटच्या पाठीवर आपटलं, डावा खांदा दरवाजाच्या खांबावर. हसळीचं हाड मोडलं, खांद्याचा सांधा निखळला, दोन दात गेले.

ट्रॉलीवाला पोरगा, विशीतला असेल, धावत आला. रडत होता. ‘बत्ती फूट गे रिहिस साहब’, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. मागे लाल, पुढे पांढरा, बाजूला पिवळा परावर्तक लावायचा नियम अवजड गाड्यांना आहेच, ट्रॉलीच्या मागेही लाल रिफ्लेक्टर पाहिजेच. पण ओरडायला तोंड उघडलं आणि मागे माझ्या स्वतःच्या गाडीवरची आर्मीची लाल पट्टी आठवली. मी गप्प बसलो. त्यानेच दुसरी गाडी थांबवून पत्नीला उचलून बसवलं.

इथे एक फौजेची गोष्ट सांगतो. ट्रकच्या मागच्या धुरीवर मध्ये गोल भांड्यासारखा डिफरेन्शियल असतो, तो आम्ही पांढरा रंगवायचो. त्याच्यावर खालच्या बाजूने एक मिणमिणता दिवा, कॉन्व्हॉय लाइट. रात्री हेडलाइट न लावता ताफा चालायचा तेव्हा मागचा ड्रायव्हर तेवढ्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून डोंगरातून चालायचा. एक ठिपका. लाल रिफ्लेक्टर त्याहून स्वस्त, त्याला वायरही लागत नाही. आपल्याच हेडलाइटचा उजेड तो आपल्याकडे परत पाठवतो. साध्या डिपरमध्ये काळी ट्रॉली चाळीस-पन्नास मीटरच्या आत येईतो दिसत नाही. रिफ्लेक्टर असेल तर त्याच्या कितीतरी आधी दोन लाल डोळे चमकतात.

आमच्या उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांतून लोखंड घेऊन निघणाऱ्या ट्रकांबद्दलही हेच. पूर्वी मागे एक मीटरपर्यंत सळया बाहेर ठेवायची मुभा नियमातच होती, 2014 मध्ये ती काढून टाकली. तरी टाटीबंधच्या चौकात उभे राहा आणि मोजा. ट्रकच्या मागे खालच्या बाजूला आडवा लोखंडी अडसरही सक्तीचा आहे, मागून आलेली मोटार ट्रकखाली घुसू नये म्हणून. म्हणजे बघा, ज्याच्या मागे गार्ड लागला पाहिजे त्याचा वाकलेला किंवा गायब, आणि ज्याच्या पुढे लागायला नको त्या माझ्या गाडीला स्टीलचा, चकचकीत.

प्लास्टर झाल्यावर चौथ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो. मागच्या सीटचं बदामी कव्हर सुरीने कापलं. तिन्ही खोबणी खाली होत्या, व्यवस्थित, कोऱ्या, प्लास्टिकच्या पिशवीसकट. कव्हर बसवणाऱ्या पोराने त्या सीटच्या फटीत ढकलल्या होत्या, शिवण सरळ दिसावी म्हणून. सव्वा वर्ष मी ती गाडी चालवली आणि मागे हात घालून कधी बघितलं नाही.

मागच्या प्रवाशालाही पट्टा सक्तीचा आहे, हे अनेकांना 2022 मध्ये कळलं. 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची मोटार कठड्याला धडकली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, गेले. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी, एअरबॅगांनी भरलेली. एअरबॅगच्या झाकणावर एसआरएस अशी अक्षरं असतात, त्यातल्या पहिल्या एसचा अर्थ पूरक. पूरक कशाला, तर पट्ट्याला. मुळात सक्ती नवी नव्हतीच. नियम 138 मध्ये पुढे तोंड करून बसणाऱ्या मागच्या प्रवाशांचा उल्लेख आधीपासून आहे, आणि कलम 194 ब मध्ये एक हजाराचा दंड. चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा मुलांची खास सीट, हेही त्याच कलमात.

आणि ती फुकट मिळालेली जीभ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विकणं थांबवायला लावलं. 13,118 जाहिराती काढल्या गेल्या. त्याच आदेशात मंत्रालयाचा आकडा होता: 2021 या एका वर्षात पट्टा न लावल्यामुळे 16 हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांतले जवळजवळ निम्मे प्रवासी. 2021. आमचं वर्ष. आमचं नाव त्या यादीत नाही, एवढंच.

प्रेशर हॉर्न आणि फटाके वाजवणाऱ्या बुलेट, यांवर मी बोलणार नाही. ते बेकायदा आहे हे ते लावणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तर लावतो. मला बोलायचं आहे माझ्यासारख्यांशी, जे चांगल्या हेतूने दुकानात जातात. तुम्ही हे ऐकत असाल तिथे जवळ गाडी असेल तर आज खाली जा आणि मागच्या सीटच्या तिन्ही खोबणी हाताने शोधा. हाताने. पट्टा लावून ओढून बघा. सीटच्या बाजूला एअरबॅग लिहिलेली चिठ्ठी असेल तर त्यावर कव्हर घालू नका, ती शिवण फाडून उघडते. डिकीत लाल त्रिकोण आहे का बघा. तो कारखान्यातून आलेला असतो, आपण त्यावर चटई ठेवलेली असते.

गाडी दुरुस्त झाली, तीच वापरतो. काचा कोऱ्या, दिवे कंपनीचे, लाल पट्टी गेली. मे महिन्यात उकडतं. गार्ड भंगारवाल्याला दिला, 19 किलो भरला. अप्पा अजून पुढे बसतात, पत्नी मागे डावीकडे. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायला ती मला हाक मारते. गाडीत बसल्यावर उजवा हात आडवा नेऊन पट्टा ओढते, त्याला वेळ लागतो. तोवर मी चावी फिरवत नाही.

पुढच्या वेळी दुचाकीवर बोलू, हेल्मेट आणि मागे बसणाऱ्या मुलांच्या पट्ट्यावर.